रेडिओ कंपन्या एक झाल्या की जिल्ह्याच्या स्टेशनात काय होतं

अकोला, यवतमाळ, चंद्रपूरकडची मुलं रेडिओबद्दल विचारायला येतात, तेव्हा बहुतेकांचा पहिला प्रश्न आवाजाचा असतो. आवाज चांगला आहे, आरजे होता येईल का? होता येईल. पण ज्या स्टेशनात जाणार त्याचा मालक कोण, त्याची आणखी कुठे स्टेशनं आहेत, तो ती वाढवतोय की विकायला काढतोय, हे आवाजाच्या आधी बघा. पश्चिम विदर्भातल्या एका जिल्ह्याच्या गावी मी खासगी एफएमवर आधी जाहिरात विभागात, मग कार्यक्रम विभागात काम केलं. मी तिथे असतानाच कंपनीची मालकी बदलली. पुढे लिहिलंय ते बरंचसं त्या काळात उमगलेलं आहे.

मालकी बदलणं आपल्याकडे नवं नाही. 2019 मध्ये रेडिओ सिटी चालवणाऱ्या म्युझिक ब्रॉडकास्टने बिग एफएमची कंपनी 1,050 कोटींना घ्यायचा करार केला होता. तो पूर्ण झाला नाही. पुढे बिग एफएमची कंपनी दिवाळखोरीच्या प्रक्रियेत गेली आणि 2024 मध्ये ती सफायर मीडियाकडे जायला मंजुरी मिळाली. मधल्या वर्षांत तिथल्या आरजेंनी रोज सकाळी तेवढ्याच उत्साहाने श्रोत्यांना नमस्कार केला असेल. मला त्याचं फार कौतुक वाटतं.

आता थोडे नियम, कारण मुलाखतीला जाण्याआधी ते माहीत असलेले बरे. खासगी एफएमचं तिसऱ्या टप्प्याचं धोरण 2011 चं. त्यानुसार एका शहरातल्या एकूण वाहिन्यांपैकी 40 टक्क्यांहून जास्त एका कंपनीकडे नकोत आणि शहरात निदान तीन वेगळे चालक हवेत. देशभरातल्या वाहिन्यांवर 15 टक्क्यांची मर्यादा होती, ती 2022 मध्ये काढली. म्हणजे कंपनीला देशभर हवं तेवढं पसरता येतं, एका शहरात मात्र नाही. हिशेब करून बघा. शहरात सहा वाहिन्या असतील तर 40 टक्के म्हणजे फार तर दोन. तीनच असतील तर एक. त्यामुळे नागपूरसारख्या शहरात विलीनीकरणानंतर एकाच मालकाच्या दोन वाहिन्या नांदू शकतात; तीन वाहिन्यांच्या गावात त्याला दुसरी ठेवताच येत नाही. नवखी माणसं इथे निश्चिंत होतात. आपल्या गावात स्पर्धा राहणार, मग काळजी कसली?

काळजीची जागा वेगळी आहे. त्याच धोरणाने एका कंपनीला आपल्या सगळ्या स्टेशनांवर एकच कार्यक्रम लावायची मुभा दिली. याला धंद्यात नेटवर्किंग म्हणतात. गावात फ्रिक्वेन्सी तीच राहते, नाव राहतं, पण गावातच तयार होणाऱ्या कार्यक्रमांचे तास कमी होतात. आमच्याकडे सकाळचा शो टिकला, कारण जाहिराती सकाळीच जास्त. दुपार आणि रात्र बाहेरून यायला लागली. रात्री फोन घेणारा पोरगा गेला, त्याच्याबरोबर शेतात पाणी द्यायला गेलेल्या माणसांचे फोनही गेले. आठ तासांची वीज रात्रीच्या पाळीत आली की कपाशीच्या वावरात मोटारीशेजारी बसून ही माणसं आम्हाला फोन करायची. बाहेरून आलेल्या शोमध्ये मुंबईच्या लोकलची गर्दी होती.

जाहिरातीकडे तर बदल आणखी लवकर दिसला, आणि मला वाटतं बाजार खरा तिथेच बदलतो. रेडिओची जाहिरात 10 सेकंदांच्या दराने विकली जाते. सरकारी जाहिरातींसाठी केंद्राने 2023 मध्ये हा मूळ दर 52 रुपयांवरून 74 केला. खासगी गिऱ्हाइकाचा दर ज्याचा त्याचा. समजा दर 100 रुपये आहे. कृषी सेवा केंद्रवाल्याने 20 सेकंदांची जाहिरात दिवसातून सहा वेळा लावली तर रोजचे 1,200 आणि मृगाच्या पंधरवड्याचे 18,000. एवढं त्याला झेपतं. मोठ्या कंपनीचा माणूस येतो तेव्हा त्याला असा सुटा व्यवहार नको असतो. तो तीन-चार जिल्ह्यांचं पॅकेज घेऊन येतो, कमीत कमी रकमेची अट घालतो. मूर्तिजापूरच्या दुकानदाराला नांदेडात कोण ओळखतं? तो पैसे का देईल? एका जुन्या गिऱ्हाइकाने मला सरळ विचारलं, "भाऊ, आमी तुमाले काहून नकोसे झालो?" माझ्याकडे उत्तर नव्हतं. तो पुढे व्हॉट्सॲपवर आणि भोंगा लावलेल्या ऑटोवर गेला. अशी दहा दुकानं गेली की स्थानिक स्टेशनचा पाया खचतो, आणि मग वरचे म्हणतात, या गावात धंदाच नाही.

दुसरी बाजूही सांगायला हवी. मोठ्या कंपनीत पगार वेळेवर आला. मोटारसायकल, सिमेंट, मोबाईल कंपन्यांच्या जाहिराती आम्हाला स्वतःच्या बळावर कधी मिळाल्या नसत्या, त्या मिळाल्या. प्रॉडक्शन शिकायला चांगली माणसं भेटली. ज्याला पुढे पुण्या-मुंबईला जायचंय त्याच्यासाठी ही दारं खरी आहेत.

तरीही गावात माणूस असणं किती मोलाचं, हे अमेरिकेतल्या एका घटनेवरून कळतं. तिथे 1996 च्या कायद्याने स्टेशनांच्या मालकीची देशपातळीवरची मर्यादा उठवली आणि क्लिअर चॅनेल ही कंपनी बाराशेच्या आसपास स्टेशनांची मालक झाली. जानेवारी 2002 मध्ये नॉर्थ डाकोटातल्या मायनॉट गावाजवळ मध्यरात्रीनंतर मालगाडी घसरली आणि अमोनिया पसरला. गावातली सहाही व्यापारी स्टेशनं त्याच कंपनीची होती. लोकांना सावध करायला पोलिसांना स्टेशनशी वेळेत संपर्क करता आला नाही. चूक कोणाची यावर नंतर वाद झाले, पण रात्री फोन उचलणारं माणूस किती महत्त्वाचं असतं हे सगळ्यांना समजलं. गोसीखुर्द धरणाचे दरवाजे उघडल्यावर वैनगंगेकाठच्या गावांना काय हवं असतं, ते गडचिरोली-चंद्रपूरवाल्यांना वेगळं सांगायला नको.

आपल्याकडे खासगी एफएमला स्वतःच्या बातम्या देता येत नाहीत, आकाशवाणीच्या जशाच्या तशा लावता येतात. पण हवामान, वाहतूक, परीक्षा-प्रवेश, नोकरीच्या संधी, वीज-पाण्याच्या सूचना, नैसर्गिक आपत्ती, आरोग्याचे इशारे यांना परवानगी आहे. नव्या आरजेने या यादीवर हुकमत मिळवावी. महावितरणच्या कार्यालयात, बाजार समितीत, एसटीच्या डेपोत, तहसीलीत तुमचा फोन उचलणारं माणूस असलं पाहिजे. तालुक्यांची बोली कानात हवी. पूर्व विदर्भात जाणार असाल तर दिवाळीनंतर झाडीपट्टीची, म्हणजे तिकडच्या बोलीतली गावोगावची नाटकं कुठे लागतात, वडशाला कोणत्या नाटकमंडळ्या आहेत, हे ठाऊक हवं. मुंबईच्या स्टुडिओतून हे करता येत नाही आणि स्टेशनप्रमुखालाही ते कळतं. शिवाय जाहिरातवाल्यांबरोबर निदान एक हंगाम दुकानं फिरा. ज्या आरजेला गिऱ्हाईक नावाने ओळखतं, त्याचा शो काढताना वरच्यांना दोनदा विचार करावा लागतो.

ऑगस्ट 2024 मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने 234 नव्या शहरांत 730 वाहिन्यांच्या लिलावाला मंजुरी दिली. त्या यादीत यवतमाळ, चंद्रपूर, वर्धा, गोंदिया, अचलपूर ही आपली नावं आहेत. क आणि ड वर्गाच्या, म्हणजे लहान शहरांसाठी बोली लावणाऱ्या कंपनीची नक्त मालमत्ता दीड कोटींऐवजी एक कोटी असली तरी चालते, हा बदलही 2022 चाच. म्हणजे जिल्ह्यातला एखादा व्यापारी किंवा वर्तमानपत्रवालासुद्धा उतरू शकतो. माझी मनापासून इच्छा आहे की कोणीतरी उतरावं.

एकट्या खासगी स्टेशनच्या भरवशावर राहू नका. आकाशवाणीत नैमित्तिक उद्घोषकाच्या स्वरचाचणीवर लक्ष ठेवा. सामुदायिक रेडिओ म्हणजे एका परिसरापुरतं स्टेशन; ते संस्था, विद्यापीठं, कृषी विज्ञान केंद्रं चालवू शकतात; पल्ला छोटा, पैसे कमी, पण निम्मा कार्यक्रम तिथल्याच लोकांचा असावा लागतो. शिकायला याहून चांगली जागा मला माहीत नाही.

आणि नोकरी लागली की नेमणूकपत्र नीट वाचा. परवाना किती साली संपतो ते विचारा. तिसऱ्या टप्प्यात तो 15 वर्षांचा आहे. कंपनी बदलली तर नव्या पत्रात आधीची सेवा सलग धरल्याचं लेखी घ्या, कारण ग्रॅच्युइटीचा हिशेब त्यावर चालतो. तुमचा ध्वनिमुद्रित आवाज तुम्ही गेल्यावरही वापरायचा हक्क कंपनी मागतेय का, ते कलम सही करण्याआधी शोधा आणि त्याचे वेगळे पैसे मागा.