मेंढपाळांसाठी काम करताय? या चुका टाळा

दर हिवाळ्यात कुणाचा ना कुणाचा फोन येतो. "धनगरांसाठी काहीतरी करायचंय, निधी आलाय, मार्चअखेर संपवायचाय." मग तेच शिबिर, तोच बॅनर, त्याच चुका. अठरा वर्षं माण, फलटण, पारनेरकडच्या मेंढपाळांची जनावरं बघतोय. निदान नव्यांनी तरी या चुका परत करू नयेत म्हणून हे लिहितोय.

तारीख आपल्या सोयीने ठरवणं

माझं पहिलं लसीकरण शिबिर जानेवारीत होतं, माण तालुक्यातल्या एका गावात. मेंढ्या भरपूर असतील म्हणून पोचल्या पोचल्या पीपीआरच्या, म्हणजे शेळ्या-मेंढ्यांच्या प्लेगच्या लसीची शंभर मात्रांची कुपी विरघळवली आणि मग गावात शिरलो. देवळापुढे चार म्हातारे, आजीपाशी ठेवलेली शाळेची पोरं आणि दाव्याला सत्तावीस शेळ्या. मेंढरू एकही नाही. विरघळवलेली लस काही तासांतच वापरावी लागते. त्र्याहत्तर मात्रा ओतून दिल्या. एक आजोबा म्हणाले, "डाक्टर, दिवाळी झाली की मेंढरं गावात ऱ्हात न्हाईत. कुणी सांगितलं न्हाई व्हय तुमाला?"

मी कुणाला विचारलंच नव्हतं.

मार्चमध्ये त्याच गावच्या मेंढपाळांच्या वाड्यातून, म्हणजे फिरत्या तळावरून, निरोप आला. वाडा तेव्हा रायगडकडच्या भातखाचरांत बसला होता. कोकरांच्या नाकाला शेंबूड, तोंडात फोड, हगवण: सगळी पीपीआरची लक्षणं. आम्ही पोचेपर्यंत एकेका बिऱ्हाडाची दहा-पंधरा कोकरं गेली होती. वाघरीच्या, म्हणजे जाळीच्या कुंपणाच्या, बाहेर ती ओळीने ठेवली होती, आणि मेंढ्या आतून जाळीला नाक लावून हुंगत होत्या. ते दृश्य अजून डोळ्यांपुढून जात नाही.

आता पीपीआरची लस मी सप्टेंबर-ऑक्टोबरात, वाडा हलायच्या आधी उरकतो. आंत्रविषाराच्या, म्हणजे आतड्यात विष तयार होणाऱ्या रोगाच्या लसीचं मात्र तसं जमत नाही. ती लस पावसाळ्याच्या तोंडावर द्यायची आणि नेमका तेव्हा कळप परतीच्या वाटेवर असतो. म्हणून वाट माहीत हवी. वाड्याच्या कारभाऱ्याबरोबर खाली बसायचं, त्याच्या हातात काठी द्यायची आणि मातीत रेघ ओढून घ्यायची: कुठल्या घाटाने उतरता, कुणाच्या रानात मेंढरं बसवता, किती रात्री, पाणी कुठे. मुक्कामांची यादी घेऊन वाटेवरच्या प्रत्येक पशुवैद्यकीय दवाखान्यात मी स्वतः जातो. पत्र पाठवून हे होत नाही. दोन-तीन दिवस मोडतात, ते मोडू द्यावेत. ज्यांना एवढाही वेळ नाही त्यांनी या कामात पडू नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

शेजारची संस्था काय करते ते न विचारणं

एका गावात आम्ही जंतनाशक पाजत होतो. अर्धा कळप पाजून झाल्यावर एका पोराने पालातून रिकामी बाटली आणून दाखवली. तेच अल्बेंडाझोल, दहा दिवसांपूर्वी दुसऱ्या संस्थेने पाजलेलं. नोंद त्यांच्या वहीत होती, आमच्या वहीत होती, पण मेंढपाळाच्या हातात कागदाचा कपटासुद्धा नव्हता. एकच औषध सारखं पाजलं की जंत त्याला दाद देईनासे होतात. शिवाय गाभण मेंढीला पहिल्या महिन्यात हे औषध देणं धोक्याचं असतं.

तेव्हापासून प्रत्येक बिऱ्हाडाकडे जाड पुठ्ठ्याचं एक कार्ड असतं, प्लास्टिकच्या पिशवीत. तारीख, औषध, कुणी दिलं, एवढंच. घोडीवरच्या बोचक्यात ते राहतं. नवीन मुलं आली की आधी ॲप काढायला धावतात. घाटात रेंज नसते, हे त्यांना मी दरवर्षी सांगतो. आणि महिन्यातून एकदा लोणंदच्या शेळ्या-मेंढ्यांच्या बाजारात आम्ही सगळे संस्थावाले भेटतो. अर्धा तास पुरतो.

मेंढी सुधारायची घाई

मऊ लोकरीसाठी दख्खनी मेंढीचा मेरिनो, राम्बुए या परदेशी जातींशी संकर करून झाला. पण धनगराचं पोट मटणावर चालतं, लोकरीवर नाही, आणि मेंढीला मैलोन् मैल चालावं लागतं. याउलट फलटणच्या निंबकर कृषी संशोधन संस्थेने बंगालच्या गारोल मेंढीतला जुळ्यांचा जनुक दख्खनीत आणला आणि नारी सुवर्ण ही मेंढी तयार केली. त्यात पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेची साथ होती. ती मेंढी मेंढपाळांच्याच कळपात तपासली गेली, दोन कोकरांना दूध पुरतं का हेही पाहिलं गेलं. संशोधन असं हवं. ट्रकभर नर वाटून फोटो काढणं म्हणजे संशोधन नव्हे.

बाकीच्या चुका थोडक्यात.

"किती मेंढ्या?" हा पहिला प्रश्न कधीच विचारू नका, तो बँकेतली शिल्लक विचारण्यासारखा आहे. २०२४ साली सुरू झालेल्या २१व्या पशुगणनेत भटक्या पशुपालकांची पहिल्यांदाच वेगळी नोंद ठेवली गेली. इतकी वर्षं कुणी विचारलं नाही, तेव्हा त्यांना संशय येणारच.

"एका जागी राहा, मग मदत देऊ" असली अट घालू नका. चारा एका जागी नसतो.

फक्त बाप्यांची बैठक घेऊ नका. कोकरं बाया सांभाळतात. मागच्या महिन्यात एका कारभाऱ्याने सांगितलं, "यंदा चार मेली." चुलीपाशी बसलेली त्याची बायको तिथूनच म्हणाली, "नऊ. आन् तिसऱ्या मुक्कामाला पाणी गढूळ व्हतं, तवापासनं."