भाषाविज्ञानाच्या परिषदेत पहिला पेपर कसा मांडावा

परिषदेला पेपर पाठवायचा म्हटलं की बहुतेक जण आधी शीर्षकाशी झटत बसतात. तसं करू नका. आधी वहीत एक प्रश्न लिहा, एका वाक्यात, प्रश्नचिन्हासकट. 'आदरार्थी रूपे : एक अभ्यास' हा प्रश्न नाही, तो नुसता विषय झाला. 'अनोळखी, पण वयाने लहान दिसणाऱ्या माणसाला पहिल्याच भेटीत तू म्हणायचं की तुम्ही, हे बोलणारा कशावरून ठरवतो?' हा प्रश्न आहे. तो वीस मिनिटांत मावतो, त्यासाठी पुरावा जमवता येतो आणि ऐकणाऱ्याला लगेच स्वतःच्या भाषेतलं काहीतरी आठवतं. पुढच्या सगळ्या पायऱ्यांवर हे वाक्य समोर ठेवा.

आधी परिषद पारखा

भाषेवरच्या सगळ्या परिषदा एका जातीच्या नसतात. भाषावैज्ञानिकांची आंतरराष्ट्रीय काँग्रेस 1928 मध्ये हेगला पहिल्यांदा भरली. अलीकडे ती 2018 मध्ये केपटाउनला आणि 2024 मध्ये पोलंडमधल्या पोझनानला झाली. तिथे ध्वनींपासून अर्थापर्यंत सगळं चालतं. 1964 मध्ये स्थापन झालेल्या 'आयला' या संस्थेच्या जागतिक काँग्रेसचा भर उपयोजित भाषाविज्ञानावर असतो : भाषाशिक्षण, बहुभाषकता, भाषाधोरण. 'सोसिएतास लिंग्विस्टिका युरोपेआ' ही युरोपातली भाषाविज्ञानाची संस्था 1966 पासूनची, तिची बैठक दरवर्षी होते. संस्कृतींची तुलना मानसशास्त्राच्या अंगाने करायची असेल, तर 1972 मध्ये सुरू झालेली आंतरसांस्कृतिक मानसशास्त्राची आंतरराष्ट्रीय संघटना आहे. तू-तुम्हीचा प्रश्न या सगळीकडे नेता येईल, पण दर ठिकाणी पेपर वेगळा लिहावा लागेल. एकीकडे सर्वनामांची व्यवस्था विचारतील, दुसरीकडे बोलणाऱ्यांची मनोधारणा.

निवडायची सोपी रीत म्हणजे मागच्या खेपेची कार्यक्रमपत्रिका काढून त्यातली वीस-पंचवीस शीर्षकं वाचणं. तुमचा प्रश्न त्यांच्या पंगतीत बसतो का ते पाहा. पहिल्या खेपेला मी नेहमी छोटी, एकाच विषयावरची कार्यशाळा सुचवते. मोठ्या काँग्रेसमध्ये एका वेळी दहा खोल्यांत सत्रं चालू असतात आणि नवख्याच्या खोलीत पाच-सहा माणसं येतात. कार्यशाळेत तीसच जण असले, तरी ते तिसांच्या तीस तुमचं ऐकतात.

पेपर मागवणाऱ्या घोषणा 'लिंग्विस्ट लिस्ट' या इंटरनेटवरच्या यादीवर मिळतात; 1990 पासून ते या क्षेत्राचं सूचनाफलकच आहे. तारखा मात्र उलट्या मोजा. उन्हाळ्याच्या अखेरीस भरणाऱ्या परिषदेसाठी पेपरचा गोषवारा (थोडक्यात सारांश) बऱ्याचदा जानेवारीतच द्यावा लागतो.

पैसे उकळणाऱ्या परिषदाही पुष्कळ आहेत. एकाच दिवशी, एकाच हॉटेलात अभियांत्रिकी, दंतवैद्यक आणि भाषाविज्ञान असेल, गोषवारा दोन दिवसांत 'स्वीकारला' असेल, समितीतल्या नावांपुढे विद्यापीठं नसतील, तर शुल्क भरू नका. शंका वाटली तर समितीतल्या एखाद्या अभ्यासकाला त्यांच्या विद्यापीठाच्या पत्त्यावर मेल करून विचारा. आपलं नाव त्या यादीत आहे हे त्यांनाच ठाऊक नसण्याचीही शक्यता असते.

गोषवारा : खरी कसोटी इथे

गोषवारा म्हणजे साधारण 300 ते 500 शब्द. परीक्षकासमोर असे कित्येक गोषवारे असतात आणि तुमच्या वाट्याला काही मिनिटं येतात. म्हणून पहिल्या दोन वाक्यांत प्रश्न यायलाच हवा. मग पुरावा कुठला, किती, कोणाकडून, काय केलं, काय सापडलं, आणि त्यामुळे आजवरच्या समजुतीत काय बदलतं. 'या पेपरमध्ये अमुक गोष्टींवर चर्चा केली जाईल' हे वाक्य खोडा. चर्चेतून काय निघालं ते लिहा. काम अपुरं असेल तर जेवढं सापडलं तेवढं सांगा, ते पुरतं.

निदान एक उदाहरण द्या, आणि ते उकलून द्या. लायपझिगचे दहा ग्लॉसिंग नियम, म्हणजे शब्दाखाली घटकवार अर्थ लिहिण्याचे नियम, यासाठीच आहेत. वरच्या ओळीत शब्दाचे घटक आडव्या रेघेने तोडायचे, खालच्या ओळीत तितक्याच रेघांनी त्यांचे अर्थ द्यायचे, आणि एका घटकात अनेक अर्थ असतील तर ते टिंबांनी जोडायचे :

मुली-ने  पत्र  लिहि-ले
मुलगी-कर्तृ  पत्र  लिह-पूर्ण.नपुं.एक
'मुलीने पत्र लिहिले.'

(कर्तृ म्हणजे कर्ता दाखवणारा प्रत्यय, पूर्ण म्हणजे पूर्ण झालेली क्रिया, नपुं.एक म्हणजे नपुंसकलिंगी एकवचन.) मराठीचा गंधही नसलेल्या माणसाला मधल्या ओळीतून कळतं की क्रियापदाचं रूप मुलीप्रमाणे न बदलता पत्राप्रमाणे बदललं आहे. आपल्याला ते इतकं अंगवळणी पडलेलं असतं की सांगायचं राहूनच जातं. आपली भाषा समोरच्याला येत नाही, हे गृहीत धरून लिहिणं हीच या क्षेत्रातली सभ्यता आहे. (इंग्रजी परिषदेत अर्थात लायपझिगच्या यादीतली इंग्रजी संक्षेपचिन्हं वापरायची.)

परीक्षण बहुधा निनावी असतं. त्यामुळे 'माझ्या आधीच्या लेखात' असं लिहू नका आणि फाइलच्या गुणधर्मांतूनही नाव काढून टाका. ते हमखास विसरतं.

तुलना करत असाल तर इथे थांबा

दोन संस्कृतींची तुलना करणारे पेपर बहुतेक वेळा प्रश्नावलीच्या भाषांतरात घसरतात. मूळ इंग्रजी वाक्यात 'वी' आहे. मराठीत 'आम्ही' लिहायचं की 'आपण'? 'आम्ही' म्हटलं की विचारणारा बाहेर राहतो, 'आपण' म्हटलं की तोही आत येतो. आपुलकी किंवा विश्वास मोजायला निघालेल्या प्रश्नावलीत या एका शब्दाने उत्तर बदलू शकतं.

यावरचा नेहमीचा उपाय म्हणजे उलट-भाषांतर. एकाने मराठीत आणायचं, मूळ न पाहिलेल्या दुसऱ्याने परत इंग्रजीत न्यायचं, मग दोन्ही ताडून पाहायचं. रिचर्ड ब्रिस्लिन यांच्या 1970 च्या लेखापासून ही रीत रुळली. पण 'आम्ही' आणि 'आपण' दोन्ही परत 'वी'च होऊन येतात, म्हणजे ही चूक त्या जाळ्यातून निसटते. म्हणून उलट-भाषांतरावर समाधान मानू नका. चार-पाच बोलणाऱ्यांना प्रश्न वाचून दाखवा आणि 'यातून तुम्हाला काय विचारलं असं वाटलं?' हे त्यांच्याच शब्दांत सांगायला सांगा. पेपरमध्ये हे दोन ओळींत नोंदवा. जाणकार परीक्षक तेच शोधत असतो.

भाषावैज्ञानिक केनेथ पाइक यांनी 1954 मध्ये 'एमिक' (आतल्या माणसाच्या नजरेतून) आणि 'एटिक' (बाहेरच्याच्या नजरेतून) हे शब्द ध्वनिविचारातूनच उचलले होते. स्वनिम, म्हणजे अर्थात फरक करणारा ध्वनी, त्या त्या भाषेच्या आतून ठरतो, ध्वनी बाहेरून मोजता येतो, तसंच वागणुकीचं. तुमची वर्गवारी आतली आहे की बाहेरून आणलेली, हे स्वतःला विचारून ठेवा, कारण सभागृहात कोणीतरी विचारणारच.

आणि माणसं कोण होती ते नेमकं लिहा. जोसेफ हेन्रिक आणि सहकाऱ्यांनी 2010 मध्ये दाखवून दिलं की मानसशास्त्रातले निष्कर्ष बहुतांशी पाश्चात्त्य, शिक्षित, औद्योगिक, श्रीमंत, लोकशाही समाजांतल्या माणसांवरून काढलेले आहेत. एका विद्यापीठातले चाळीस विद्यार्थी म्हणजे एक संस्कृती नव्हे. किती जण, वय काय, घरी कोणती भाषा, मुलाखत कोणत्या भाषेत झाली, एवढं द्या. कोणाचा आवाज सभागृहात वाजवून दाखवणार असाल, तर त्या माणसाकडून त्यासाठी वेगळी संमती घ्या. मुलाखतीला दिलेला होकार त्याला पुरत नाही.

स्वीकारपत्र आल्यावर

त्याच दिवशी तीन कामं करा : व्हिसासाठी निमंत्रणपत्र मागा, प्रवासअनुदानाची शेवटची तारीख पाहा, लवकर नोंदणीची सवलत संपायच्या आत पैसे भरा. भाषणाऐवजी पोस्टर, म्हणजे भिंतीवर लावून समजावून सांगायचा तक्ता, मिळालं असेल तर हिरमुसू नका. आकडेवारी किंवा नकाशे असलेल्या कामाला पोस्टरच बरं, कारण एकेका माणसाशी दहा-दहा मिनिटं बोलता येतं. नेहमीचा आकार एझीरो, म्हणजे 84.1 × 118.9 सेंटिमीटर; उभं हवं की आडवं ते आधी विचारून घ्या.

पेपर असेल तर बहुधा 20 मिनिटं बोलायला आणि 5 ते 10 मिनिटं प्रश्नांना. घड्याळ लावून, मोठ्याने, विषय न कळणाऱ्या माणसासमोर बोलून पाहा. घरी 17 मिनिटांत संपायला हवं. वेळ कमी पडला तर कोणती स्लाइड गाळायची, हेही आधीच ठरवा. एका स्लाइडवर एकच उदाहरण. उदाहरणांना क्रमांक द्या आणि कागदी हँडआउट वाटा. भाषाविज्ञानात ही चांगली चाल आहे, श्रोते 'उदाहरण सात' असं बोट ठेवून विचारतात. परक्या संगणकावर जोडाक्षरं फुटतात आणि ध्वनिलिपीच्या जागी चौकोन येतात. तेव्हा पीडीएफच न्या. ध्वनिलिपीसाठी 'चॅरिस' हा फाँट मोफत मिळतो.

प्रश्नांची दहा मिनिटं

माझ्या मते परिषदेचं खरं काम या दहा मिनिटांत होतं. प्रश्न आधी लिहून घ्या, मग उत्तर द्या. 'हे मी तपासलेलं नाही' हे पूर्ण उत्तर आहे. 'माझ्या बोलीत हे वाक्य चालतं' असं कोणी म्हटलं तर वाद घालू नका. बोली कुठली, वाक्य नेमकं कसं, ते विचारा. तो पुरावा आहे आणि तो आपल्या पायांनी चालत आला आहे. 'आमच्या भाषेतही असंच आहे' म्हणणाऱ्याला चहाच्या सुट्टीत गाठा. त्याचं उदाहरण वहीत लिहा, घटक तोडा आणि परतल्यावर आठवड्याच्या आत ते उकललेलं उदाहरण त्यालाच मेल करून विचारा, की मधली ओळ बरोबर आहे का.