घरातला अलार्म वाजू लागला, तर तो सुरक्षितपणे कसा बंद करावा

सोलापुरात नळाला रोज पाणी येत नाही. चार-पाच दिवसांनी पाळी येते आणि ती कधी पहाटे, तर कधी ऐन मध्यरात्री असते. जुळे सोलापुरातील आमच्या घरात चोरीचा अलार्म बसवला, त्यानंतरच्या पहिल्याच पाळीला मी रात्री अडीचच्या सुमारास मोटार लावण्यासाठी मागच्या दाराची कडी काढली आणि डोक्यावरचा सायरन सुरू झाला. कीपॅड पुढच्या दाराशी, चष्मा उशाशी आणि कोड पाठ असलेला मुलगा पुण्याला, अशी आमची अवस्था होती. ज्या शहराने गिरण्यांच्या भोंग्यांवर पिढ्यान् पिढ्या पाळ्या केल्या, त्या शहरातले शेजारीसुद्धा त्या रात्री उठून गॅलरीत आले. अलार्म बंद करण्यासाठी बहुधा चारच अंक दाबावे लागतात; पण ते कधी दाबावेत, त्याआधी कशाची खात्री करावी आणि नंतर काय पाहावे, हे घरात आधी ठरलेले नसेल, तर ते चार अंकही आठवत नाहीत.

सर्वांत आधी सायरन कशामुळे वाजतो आहे, याचा अंदाज घ्यावा. आपण बाहेरून घरी येत असाल आणि सायरन आधीपासूनच वाजत असेल, तर लगेच कुलपाला किल्ली लावू नये. कोयंडा उचकटलेला आहे का, खिडकीचा गज वाकलेला आहे का, आपण बंद करून गेलेला आतला दिवा लागलेला आहे का, हे फाटकाबाहेरूनच पाहावे. यांपैकी काहीही दिसले, तर आत न जाता शेजाऱ्यांच्या घरी थांबून ११२ या क्रमांकावर फोन करावा आणि सायरन खुशाल वाजू द्यावा. शेजाऱ्यांना त्रास होतो म्हणून तो आधी बंद करण्याची घाई स्वाभाविक असली, तरी आत माणूस असेल तर त्याला पळवून लावण्याचे काम तो सायरनच करत असतो.

पॅनेलला, म्हणजे अलार्म चालवणाऱ्या मुख्य पेटीला, धुराचा किंवा गॅसचा सेन्सर जोडलेला असेल, तर ही खात्री अधिकच महत्त्वाची ठरते, कारण अनेक घरांत चोरीसाठी आणि आगीसाठी सायरन एकच असतो. गॅसचा वास येत असेल, तर कीपॅडसह कोणत्याही विजेच्या बटणाला हात लावू नये. जमल्यास रेग्युलेटर बंद करावा, दारे-खिडक्या उघडाव्यात, सर्वांना बाहेर काढावे आणि बाहेर गेल्यावर १९०६ या एलपीजी मदत क्रमांकावर फोन करावा. धूर दिसत असेल, तर १०१ वर अग्निशमन दलाला कळवावे. सायरन बंद करण्याचा विचार त्यानंतर.

धोका नाही असे स्पष्ट झाले, म्हणजे कीपॅडकडे जावे. पुढच्या दाराला बहुतेक ठिकाणी प्रवेशासाठी मुदत दिलेली असते, साधारणपणे ३० सेकंदांच्या आसपास. त्या मुदतीत कीपॅड नुसता टिकटिक करतो आणि कोड दाबला की शांत होतो. मागच्या दाराला व खिडक्यांना अशी मुदत सहसा नसते, त्यामुळे तेथून थेट सायरनच सुरू होतो. दोन्ही वेळा करायचे ते एकच. कीपॅडजवळचा दिवा लावावा, बटणे दिसतील असे समोर उभे राहावे आणि प्रत्येक अंक दाबल्यावर येणारा बारीक आवाज किंवा पडद्यावर उमटणारी चांदणी पाहूनच पुढचा अंक दाबावा. सायरनच्या गोंगाटात तो आवाज ऐकू येत नाही, म्हणून डोळ्यांवर भरवसा ठेवावा. काही पॅनेलांमध्ये कोडनंतर हॅश किंवा ‘ऑफ’चे बटण दाबावे लागते आणि नेमके तेच घाबरलेल्या माणसाकडून राहून जाते. अंक चुकला असे वाटल्यास तेथेच आणखी अंक दाबत न राहता काही सेकंद थांबावे आणि कोड पहिल्यापासून दाबावा. लागोपाठ चुकीचे कोड पडले, तर अनेक कीपॅड काही वेळ एकही बटण स्वीकारत नाहीत. रिमोट किंवा मोबाईल अ‍ॅप असल्यास तेही चालते. मात्र अ‍ॅपला नेटवर्क लागते आणि रिमोटचा सेल नेमका त्याच दिवशी संपलेला असतो, असा माझा अनुभव आहे.

घरातील सायरनचा आवाज जवळून १०० डेसिबलच्या पुढे जाऊ शकतो. त्यामुळे लहान मुलांना आणि वृद्धांना आधी दुसऱ्या खोलीत न्यावे आणि कोड दाबणाऱ्याने दुसऱ्या हाताने निदान एक कान झाकून घ्यावा.

सायरन थांबल्यावर लगेच झोपायला जाऊ नये. पडद्यावर ‘अलार्म मेमरी’ दिसत असते किंवा एखाद्या झोनचा दिवा लुकलुकत असतो. कोणत्या दारावरून वा खोलीतून इशारा आला, हे तो झोन सांगतो. बरेच लोक दिवा विझावा म्हणून पुन्हा कोड दाबतात आणि ही नोंद पडद्यावरून जाते. त्याआधी झोनचा क्रमांक कागदावर लिहून घ्यावा किंवा मोबाईलवर फोटो काढावा. आमच्याकडे दुसऱ्यांदा अलार्म वाजला, तेव्हा झोन ४ दिसत होता, म्हणजे जिन्याची खोली. तेथे दार-खिडकी जशीच्या तशी होती; पण हालचाल टिपणाऱ्या सेन्सरच्या पांढऱ्या भिंगाच्या कडेला एक पाल चिकटून बसली होती आणि तिची शेपटी भिंगावर आडवी आली होती. क्रमांक लिहून घेतला नसता, तर आम्ही रात्रभर मागचे दारच तपासत बसलो असतो.

आपल्याकडील अनेक पॅनेलांमध्ये सिमकार्ड असते आणि अलार्म वाजताच ते ठरवून दिलेल्या मोबाईल क्रमांकांवर एकामागून एक फोन लावते. म्हणून घर शांत झाले की त्या यादीतल्या प्रत्येकाला ‘सगळे ठीक आहे’ असे स्वतःच्या आवाजात कळवावे. नाही तर विजापूर रोडवरचा भाऊ गाडी काढून निघालेला असतो. देखरेख करणाऱ्या कंपनीची सेवा घेतली असेल, तर तेथून फोन येतो आणि आधी ठरलेला परवलीचा शब्द विचारला जातो. तो शब्द कीपॅडच्या कोडपेक्षा वेगळा असावा. काही पॅनेलांत धमकीच्या वेळी वापरायचा आणखी एक कोड असतो: तो दाबल्यावर अलार्म नेहमीसारखा बंद झालेला दिसतो, पण गुपचूप मदतीचा संदेश जातो. आपल्या पॅनेलमध्ये तो असल्यास घरातील प्रत्येक प्रौढाला माहीत असावा आणि गंमत म्हणून कोणी तो दाबू नये.

आता सर्वांत मोठ्या गैरसमजाविषयी. वीज बंद केली की अलार्म बंद होतो, असे समजून अनेकजण मेन स्विचकडे धावतात. पॅनेलच्या पेटीत राखीव बॅटरी असते, बऱ्याच पॅनेलांत १२ व्होल्ट ७ अँपिअर-अवरची, आणि वीज गेल्यावर तिने तासन् तास काम करावे यासाठीच ती बसवलेली असते. शिवाय पुष्कळ घरांत पॅनेल इन्व्हर्टरवरही असते. भिंतीवरचा सायरन ओढून काढणे किंवा त्याची वायर कापणे हा उपाय तर त्याहून वाईट आहे, कारण पेटीचे झाकण उघडले किंवा वायर तुटली तर छेडछाड समजून पॅनेल नव्याने इशारा देते आणि बाहेरच्या काही सायरनांना स्वतःची बॅटरी असल्यामुळे ते वायर तुटल्यावरच वाजायला लागतात. अंधारात शिडी लावून असा सायरन काढायला जाणारा माणूस चोरापेक्षा स्वतःलाच अधिक धोक्यात घालतो.

कोड बरोबर असूनही पॅनेल दाद देत नसेल, तर आधी बसवणाऱ्या तंत्रज्ञाला फोन करावा. तो मिळत नसेल आणि सायरन थांबतच नसेल, तरच वीज तोडण्याचा मार्ग घ्यावा: पॅनेलला वीजपुरवठा करणारा एमसीबी बंद करावा किंवा अ‍ॅडॅप्टर प्लगमधून काढावा, मग पेटी उघडून बॅटरीच्या एकाच टोकाची, शक्यतो लाल, वायर ओढून काढावी आणि तिच्या उघड्या टोकावर चिकटपट्टी गुंडाळावी. दोन्ही टोकांना एकाच वेळी स्क्रूड्रायव्हर किंवा अंगठी लागू देऊ नये. बॅटरी लहान असली, तरी त्या ठिणगीने बोट भाजते. पेटीच्या आत २३० व्होल्टच्या तारा येत असतील, तर हे काम विजेची जाण असलेल्या माणसानेच करावे.

दर मिनिटाला एकदा ‘टिक’ असा आवाज येत असेल, तर तो अलार्म नसून बॅटरी उतरल्याची सूचना असू शकते. या बॅटऱ्या तीन ते पाच वर्षे चालतात असे म्हटले जाते. मात्र उन्हाळ्यात चाळिशी ओलांडणाऱ्या सोलापुरात, पत्र्याखाली किंवा पश्चिमेच्या भिंतीवर पेटी असेल, तर ती मुदत बरीच घटते. २५ अंशांच्या वर दर दहा अंशांना अशा बॅटरीचे आयुष्य साधारण निम्मे होते, असा ढोबळ हिशेब आहे.

खोटे अलार्म मुळातच कमी करायचे असतील, तर रात्री ‘होम’ किंवा ‘स्टे’ पद्धत वापरावी, म्हणजे बाहेरची दारे जागती राहतात आणि खोल्यांतले हालचालीचे सेन्सर झोपतात. उन्हाळ्यात कुटुंब गच्चीवर झोपत असेल, तर गच्चीच्या दाराचा झोन त्या रात्रीपुरता वगळावा. सकाळी तो पुन्हा सुरू झाला की नाही, हेही पाहावे. संक्रांतीला सोलापुरात भरणाऱ्या गड्डा यात्रेत होम मैदानावर शोभेचे दारूकाम होते. त्याच्या जवळपास राहणाऱ्यांनी हादरा ओळखणाऱ्या सेन्सरची संवेदनशीलता तंत्रज्ञाकडून आधीच तपासून घ्यावी. आणि पाण्याची पाळी असेल, त्या रात्री कडीला हात लावण्याआधी कीपॅडपाशी जावे.

एखाद्या रविवारी सकाळी अकराच्या सुमारास शेजाऱ्यांना आणि फोनच्या यादीतील सर्वांना पूर्वसूचना देऊन अलार्म मुद्दाम वाजवावा आणि घरातील प्रत्येकाने, आजीसकट, तो स्वतःच्या कोडने बंद करून दाखवावा. कामाच्या मावशींना किल्ली दिली असेल, तर त्यांना वेगळा कोड द्यावा, म्हणजे पुढे गरज पडल्यास तो एकटाच रद्द करता येतो. त्याच दिवशी पेटी उघडून बॅटरी बसवल्याची तारीख तिच्यावर मार्करने लिहून ठेवावी; आमच्या बॅटरीवर ती लिहिलेली नव्हती, म्हणून ती किती जुनी आहे हे तंत्रज्ञालाही सांगता आले नाही.