ॲल्युमिनियमचं कुंपण: फुटाचा दर ऐकून लगेच हो म्हणू नका

समुद्राजवळ घर असलेल्यांना लोखंडी ग्रिलचं दुखणं वेगळं सांगायला नको. दर दोन-तीन वर्षांनी पॉलिश पेपरने घासायचं, रेड ऑक्साइड मारायचं, वर ऑइल पेंट द्यायचा, आणि पुढच्या पावसाळ्यात जोडांतून पुन्हा तांबूस ओघळ. आमच्या वेंगुर्ल्याच्या घराला याच कंटाळ्याने आम्ही ॲल्युमिनियमचं कुंपण केलं. धातू निवडण्यात चूक झाली नाही. पैसे वाया गेले ते दर आणि उंची ठरवताना आणि पाया बघताना.

फॅब्रिकेटरला फोन केला की तो विचारतो, किती फूट आहे? आणि तिथल्या तिथे दर सांगतो. एकाचा दर रनिंग फुटाचा (म्हणजे कुंपणाच्या लांबीचा) असतो, दुसऱ्याचा चौरस फुटाचा. समजा, कुंपण चार फूट उंच आहे. चौरस फुटाला ४५० रुपये म्हणजे रनिंग फुटाला १८०० झाले. त्यामुळे १५०० रनिंगवाला महाग वाटतो आणि प्रत्यक्षात तोच स्वस्त असतो. आधी सगळी कोटेशनं एका मापात आणा.

तरीही तुलना पुरी होत नाही, कारण ॲल्युमिनियमची किंमत किलोवर ठरते. पन्नास बाय पन्नास मिलिमीटरचा चौकोनी पाइप घ्या. दोन मिलिमीटर जाडीचा बारा फुटी पाइप साधारण ३.८ किलो भरतो. तोच पाइप १.२ मिलिमीटर जाडीचा असेल तर २.३ किलो. रंग चढल्यावर लांबून दोन्ही सारखेच दिसतात. फरक कळतो तो गाय अंग घासायला टेकली की. म्हणून कोटेशनमध्ये प्रत्येक सेक्शनचं (म्हणजे पाइपाचं, पट्टीचं) माप, जाडी आणि बारा फुटांचं वजन लिहून मागा. माल आला की त्यातला एक पाइप काट्यावर ठेवा, कापलेल्या तोंडाला जाडी मोजायचा कॅलिपर लावा. प्रामाणिक कारागिराला याचा राग येत नाही.

आता उंची. आमचा सगळ्यात जास्त खर्च इथेच फुकट गेला. बाजारात सर्रास मिळणारी लांबी बारा फूट. उभ्या पट्ट्या चार फुटी ठेवल्या (करवतीत जाणारे दोन-तीन मिलिमीटर सोडून) तर एका पाइपात तीन निघतात. आम्ही हौसेने साडेचार फूट सांगितली. मग एका पाइपात दोनच निघाल्या आणि तीन फुटांचा तुकडा उरला. शंभर फुटांच्या कुंपणाला चार-चार इंचांवर पट्टी धरली तर तीनशे पट्ट्या लागतात. चार फुटांना १०० पाइप, साडेचारला १५०. अर्ध्या फुटाच्या हौसेपायी उभ्या पट्ट्यांना दीडपट माल! पाचच फूट हवी असेल तर पंधरा फुटी लांबी मिळते का ते विचारा, तीत पुन्हा तीन बसतात. आणि तुकडे कोणाचे, हे आधीच बोलून घ्या. भंगारात ॲल्युमिनियमला चांगला भाव आहे आणि त्या मालाचे पैसे तुम्ही मोजलेले असतात.

उंचीचा नियमही पाहून घ्या. राज्याच्या २०२० च्या एकत्रित विकास नियंत्रण नियमावलीप्रमाणे कंपाउंड वॉलची उंची समोरच्या रस्त्याच्या मध्यरेषेच्या पातळीपासून दीड मीटरपर्यंत चालते, वरचा ०.९ मीटर भाग आरपार दिसणारा असेल तर २.४ मीटरपर्यंत परवानगी मिळू शकते. हद्दीबद्दल शेजाऱ्याशी जराही कुरबुर असेल तर आधी भूमी अभिलेखकडून मोजणी करून घ्या. उभं कुंपण सरकवायचं म्हणजे पाया दुसऱ्यांदा करणं आलं.

खांब हलतो आहे?

महिना-दोन महिन्यांत खांब डुलायला लागला की दोष बहुतेक वेळा ॲल्युमिनियमचा नसतो, खालच्या आधाराचा असतो. आमचा गडगा (आवाराची बुटकी भिंत) चिऱ्याचा, म्हणजे जांभ्या दगडाचा. जांभा सच्छिद्र आणि ठिसूळ. अँकर फास्टनर (भोकात बसवायचा बोल्ट) आवळला की तो आत फुगतो, चिरा भुसभुशीत होतो आणि पकड जाते. गड्याने तिथेच आणखी जाड फास्टनर ठोकला, तर चिऱ्याचा कोपराच निघून आला. खरा उपाय म्हणजे गडग्यावर सळई घालून चार इंच काँक्रीटचा पट्टा ओतायचा, त्याला नीट पाणी मारायचं, तो पुरता घट्ट झाल्यावरच ड्रिल लावायचं. हा खर्च कुठल्याच कोटेशनमध्ये नसतो. गवंड्याकडून तो वेगळा विचारा.

देशावर काळ्या मातीत प्रश्न निराळा. पावसात माती फुगते, उन्हाळ्यात भेगाळते, आणि वरवरच्या खड्ड्यातले खांब तिच्याबरोबर तिरके होतात. खड्डा मुरमाला लागेपर्यंत न्या.

खांब थेट काँक्रीटमध्ये गाडायचा असेल तर गाडला जाणारा भाग डांबरी रंगाने माखून घ्या. ओल्या सिमेंटचा क्षार ॲल्युमिनियमला खातो. गिलाव्याचा शिंतोडा उडाला तर सुकायच्या आत पुसा, नाहीतर डाग कायमचा.

स्क्रूभोवती पांढरी पूड

खारी हवा, ॲल्युमिनियम आणि लोखंडी स्क्रू एकत्र आले की झिजतं ते ॲल्युमिनियम. ही पूड म्हणजे त्याची खूण. पाचशे-हजार रुपये वाचवायला झिंक चढवलेले लोखंडी स्क्रू वापरतात आणि लाखाचं काम खराब होतं. स्क्रू स्टेनलेस स्टीलचे ३०४ ग्रेडचे घ्या, अगदी किनाऱ्यालगत ३१६, आणि खाली नायलॉनचा वॉशर. लोहचुंबक जोरात चिकटला तर तो स्क्रू परत करा.

पावडर कोटिंग (पावडरीचा भाजून चढवलेला रंग) ६० ते ८० मायक्रॉनचं मागा, आणि शक्यतो कापून, भोकं पाडून झाल्यावरच ते करवून घ्या. जागेवर कापलेली टोकं उघडी राहतात, कोटिंग तिथूनच सुटायला लागतं. पाइपांच्या तोंडांना टोप्या हव्यातच. आमच्या दोन पाइपांत गांधीलमाश्यांनी घर केलं होतं. वरची प्लॅस्टिकची फिल्म काम संपताच काढा. उन्हात चिकटून बसली की नखाने खरवडावी लागते.

विदर्भात गडद रंग घेणाऱ्यांनी आडव्या पट्टीला लांबट भोक ठेवायला सांगावं. तापमानात पन्नास अंशांचा फरक पडला तर तीन मीटरची पट्टी साडेतीन मिलिमीटर वाढते. जागा नसेल तर ती कमान टाकते, कटकट वाजते.

गेटचा हिशोब स्वतंत्र ठेवा. बिजागरीचा खांब आतून लोखंडी पाइप घालून भक्कम करतात का ते विचारा, आणि करत असतील तर दोन धातूंमध्ये रबर किंवा नायलॉन घालायला लावा. खांब भक्कम नसेल तर गेट वर्षभरात खाली घासायला लागतं. शेवटच्या आकड्यात १८ टक्के जीएसटी, वाहतूक आणि जुनं ग्रिल काढण्याची मजुरी धरली आहे का, तेही पाहा.

काम संपल्यावर त्याच रंगाच्या चार-सहा पट्ट्या आणि मूठभर स्क्रू माळ्यावर ठेवून द्या. नारळाचा झाप पडून आमची एक पट्टी वाकली तेव्हा तशी छटा पुन्हा कुठे मिळाली नाही, आणि गेटाजवळची ती एक पट्टी आजही वेगळी दिसते.