कॅटच्या सवयीने सीईटी, सीईटीच्या सवयीने कॅट: या चुका टाळा

ठाणे-नवी मुंबईत एमबीएची तयारी करणारी बहुतेक मुलं दोन्ही दारं ठोठावतात. नोव्हेंबरच्या शेवटच्या रविवारी आयआयएमच्या प्रवेशासाठीची कॅट, त्यानंतर काही महिन्यांनी राज्याची एमबीए सीईटी. डोळ्यांसमोर एकीकडे पवईचं आयआयएम मुंबई (२०२३पर्यंतचं निटी), दुसरीकडे चर्चगेटचं जमनालाल बजाज किंवा सिडनहॅम. क्लास एकच, पुस्तकं तीच, त्यामुळे परीक्षाही एकाच जातीच्या वाटतात. तशा त्या नाहीत. २०२४च्या कॅटमध्ये क्वांटचे, म्हणजे गणिताचे, २२ प्रश्न होते आणि वेळ ४० मिनिटं, म्हणजे प्रश्नामागे जवळपास ११० सेकंद. सीईटीत १५० मिनिटांत २०० प्रश्न, म्हणजे प्रश्नामागे ४५ सेकंद. कॅटमध्ये चुकीला दंड आहे, सीईटीत नाही. कॅट काही प्रश्न सोडून द्यायला शिकवते आणि सीईटीत काहीही सोडून चालत नाही. खाली सांगितलेल्या निम्म्या चुका याच गल्लतीतून होतात.

‘सिलॅबस संपला की मॉक देऊ’

सिलॅबस कधीच संपत नाही. सप्टेंबर उजाडतो, गणपती येतात, मग नवरात्र, दिवाळी, आणि पहिला मॉक, म्हणजे सराव परीक्षा, नोव्हेंबरात दिला जातो. पहिला पूर्ण मॉक तयारीच्या पहिल्याच आठवड्यात द्या. गुण लाजिरवाणे येतील, येऊ द्यात. आपण कुठे अडतो हे तरी कळेल.

नोकरी करत असाल तर फेब्रुवारी-मार्चमध्ये सुरुवात करा. टी.वाय.ला जाणार असाल तर त्याआधीची मेची सुट्टी वाया घालवू नका, कारण सेमिस्टरची परीक्षा कॅटच्या ऐन तोंडावर येते. जूनअखेरपर्यंत अंकगणित पक्कं व्हायला हवं: टक्केवारी, गुणोत्तर, मिश्रण, काळ-काम-वेग, नफा-तोटा. त्यानंतर बीजगणित, मग भूमिती. बरेच जण क्रमचय-संचय आणि संभाव्यतेपासून सुरुवात करतात, कारण ते ‘कठीण’ म्हणून प्रसिद्ध आहेत. कॅटमध्ये त्यांचा वाटा अंकगणितापेक्षा पुष्कळ कमी असतो. जुलै-ऑगस्टमध्ये एकेका विभागाच्या चाचण्या आणि सप्टेंबरपासून आठवड्याला दोन पूर्ण मॉक पुरेसे आहेत. रोज एक मॉक देणाऱ्याला तपासायला वेळच उरत नाही.

अंदाजपंचे उत्तर कुठे द्यायचं, कुठे नाही

कॅटमध्ये बरोबर उत्तराला ३ गुण, चुकीला वजा १. चार पर्यायांत डोळे मिटून टिक केलं तर चारांत एकदा ३ मिळतात आणि तीनदा १ जातो. हिशेब शून्य. एक पर्याय खात्रीने बाद केला तर सरासरी पाव गुणापेक्षा थोडा अधिक, नेमका १/३ गुण पदरात पडतो. दोन बाद केले तर पूर्ण १ गुण. म्हणून नियम सोपा ठेवा: काहीच माहीत नसेल तर हात लावू नका, दोन पर्याय उडाले असतील तर घाबरू नका. पर्याय नसलेल्या प्रश्नांत, जिथे उत्तर टाइप करायचं असतं, तिथे वजा गुण नसतात. तरीही तिथली चौकट रिकामी ठेवून बाहेर पडणारे पुष्कळ आहेत.

सीईटीत पाच पर्याय असतात आणि दंड शून्य. ३० प्रश्न राहिले आणि सगळ्यांना एकच पर्याय टिक केला तरी सरासरी ६ गुण फुकट येतात. कॅटच्या शिस्तीत मुरलेल्या मुलाचा हात इथे आखडतो आणि तो ‘खात्री नाही’ म्हणून प्रश्न कोरा सोडतो. शेवटची ३ मिनिटं फक्त उरलेल्या प्रश्नांना टिक करण्यासाठी राखून ठेवा. तेवढ्यात प्रश्न वाचायचाही नसतो.

एक्सएटी (एक्सएलआरआय आणि इतर काही संस्थांची प्रवेशपरीक्षा) देणार असाल तर तिथला नियम तिसराच: आठपेक्षा जास्त प्रश्न कोरे राहिले की पुढच्या प्रत्येक कोऱ्या प्रश्नाला ०.१० गुण कापले जातात.

डीआयएलआर: चुकीचा संच निवडणं

कॅटचा हा विभाग, म्हणजे आकडेवारी आणि तर्काचा, गणित येणाऱ्यांनाही गाळात घालतो. संच म्हणजे एकाच माहितीवरचे काही प्रश्न. २०२४मध्ये असे पाच संच होते, प्रत्येकात चार-पाच प्रश्न. चूक एकच: पहिला संच पहिला दिसला म्हणून तोच धरायचा. त्यात १८ मिनिटं जातात, आणि ‘आता इतका वेळ घातलाय तर संपवूच’ या हट्टापायी आणखी ६.

त्याऐवजी पहिली ४ मिनिटं पेन बाजूला ठेवून पाचही संच वाचा. वाचताना दोनच गोष्टी शोधा. ठाम सांगणारी विधानं किती आहेत, म्हणजे ‘रोहन तिसऱ्या मजल्यावर बसतो’ अशी? आणि ‘जर-तर’ किंवा ‘किमान एक’ प्रकारची किती? ठाम विधानं जास्त असतील तर तक्ता लवकर भरतो. शिवाय प्रश्नांवरही नजर टाका. प्रत्येक प्रश्न नवी अट घालत असेल तर एका तक्त्यावर सगळं सुटणार नाही, दरवेळी नव्याने मांडावं लागेल. असा संच शेवटी ठेवा.

मग ३६ मिनिटांत तीन संच, प्रत्येकी १२ मिनिटं. सहाव्या मिनिटाला तक्त्यातली एकही चौकट नक्की झाली नसेल तर उठा. दोन संच पूर्ण आणि तिसऱ्यातले दोन प्रश्न, हा वाईट दिवस मुळीच नाही.

मॉक दिला, गुण पाहिले, लॅपटॉप बंद

हीच सगळ्यात महागडी चूक. दोन तासांच्या मॉकला तपासायला तीन तास लागतात, आणि लागलेच पाहिजेत. साधी वही किंवा एक्सेल घ्या. रकाने: प्रश्न, विषय, लागलेला वेळ, निकाल, कारण. कारणाच्या रकान्यात ‘सिली मिस्टेक’ लिहायला मनाई. त्या शब्दाने काहीच सुधारत नाही. नोंद अशी हवी:

प्रश्न ९, काळ-वेग, ४ मिनिटं १० सेकंद, चूक. कारण: ‘२०% जास्त वेगाने’ हे ‘२०% कमी वेळात’ असं धरलं.

आता या ओळीतून काम निघतं. वेग ६/५ झाला की वेळ ५/६ होतो, म्हणजे घट २०% नाही, १६.६७%. हेच किंमत आणि खप, लांबी आणि रुंदी यांच्या प्रश्नांतही लागतं. दुसरी गोष्ट, चार मिनिटं या प्रश्नावर गेली, त्या वेळात पुढचे दोन सोपे प्रश्न झाले असते. चुकलेल्या प्रश्नांइतकेच बरोबर आलेले पण तीन मिनिटांहून जास्त वेळ खाल्लेले प्रश्न तपासा. चार मॉकनंतर वही स्वतःच सांगू लागते की ज्ञान कमी पडतंय, वाचन घाईत होतंय की निवड चुकतेय.

इंग्रजी वाचनाला शब्दसंग्रहाने उत्तर

मराठी माध्यमातून आलेली मुलं घाबरून शब्दांच्या याद्या पाठ करतात. २०२४च्या कॅटमध्ये इंग्रजीच्या विभागातल्या २४पैकी १६ प्रश्न उताऱ्यांवरचे होते. तिथे शब्दाचा अर्थ क्वचितच अडवतो, लेखकाची भूमिका न कळणं अडवतं. रोज दोन उतारे घ्या आणि प्रत्येक परिच्छेदाचा आशय एका ओळीत मराठीत लिहा. हो, मराठीतच. विचार पकडला की नाही हे तिथे लगेच उघडं पडतं. ट्रान्सहार्बर लोकलमध्ये ठाणे ते वाशी अर्धा तास मिळतो. उभ्याने गणित होत नाही, उतारा होतो.

कॅट संपली, आता सीईटी ‘अशीच निघेल’

नाही निघत. सीईटीत ७५ प्रश्न तर्काचे आणि २५ आकृत्यांचे, म्हणजे निम्मा पेपर. आकृत्यांचे प्रश्न कॅटमध्ये नसतातच, त्यामुळे वर्षभर त्यांना कुणी हात लावलेला नसतो. जानेवारीपासून रोज २५ आकृत्या, घड्याळ लावून. दुसरं, कॅटमध्ये पडद्यावर कॅल्क्युलेटर असतो, सीईटीत नसतो. ३०पर्यंतचे वर्ग आणि अपूर्णांकांच्या टक्केवाऱ्या तोंडपाठ हव्यात: १/७ म्हणजे १४.२८, १/८ म्हणजे १२.५, १/११ म्हणजे ९.०९. ६४०चे ३७.५% काढायला गुणाकार करत बसलात तर गेलात. तीन अष्टमांश, २४०, पुढचा प्रश्न.

उलट एक सवलतही आहे. आयआयएम प्रत्येक विभागाचा कटऑफ पाहतात, त्यामुळे एका विभागात कोसळून चालत नाही. सीईटीची गुणवत्ता यादी एकूण पर्सेंटाइलवर लागते, तिथे तर्कातले गुण इंग्रजीची तूट भरून काढतात.

दाखल्यांची घाई शेवटच्या आठवड्यात

कॅटचा अर्ज ऑगस्ट-सप्टेंबरात भरला जातो आणि भरलेला प्रवर्ग नंतर बदलता येत नाही. ओबीसीसाठी केंद्राच्या यादीत जात असावी लागते आणि नॉन-क्रिमीलेअर दाखला केंद्राच्या नमुन्यात लागतो. राज्याचा दाखला जोडून अडकणारे दरवर्षी असतात. एसईबीसी हे (मराठा समाजासाठीचं) आरक्षण राज्याचं, सीईटीच्या प्रवेशप्रक्रियेत चालतं, कॅटमध्ये असा प्रवर्गच नाही. दाखल्याचा अर्ज कुठे करायचा हाही घोळ होतो: ऐरोली ते बेलापूर ठाणे तालुक्यात येतं, पण खारघर-कामोठे पनवेल तालुक्यात, रायगड जिल्ह्यात. सीईटीनंतरच्या प्रवेशफेरीला जात वैधता प्रमाणपत्रही लागतं आणि ते आठवड्यात मिळत नाही.

परीक्षेचा रविवार

कॅट रविवारी असते आणि रविवार म्हणजे लोकलचा मेगाब्लॉक. अर्जात शहर निवडता येतं, केंद्र आणि सत्र नाही. सकाळी ८.३०चं सत्र आणि केंद्र खाडीच्या पलीकडे, असं सहज होऊ शकतं. शनिवारी ब्लॉकचं वेळापत्रक पाहा आणि रस्त्याने जायचा पर्याय ठरवून ठेवा. केंद्र एमआयडीसीत असेल तर पत्ता फक्त प्लॉट क्रमांकाचा असतो, रिक्षावाल्यालाही तो सांगता येत नाही. आदल्या दिवशी एकदा जाऊन गेट बघून या. रविवारी तिथल्या टपऱ्या बंद असतात, तेव्हा दुपारच्या सत्राला निघताना घरूनच जेवून निघा.