मृगाआधी पोफळीच्या बागायतदारांसाठी: पाणथळीला चर मारू नका

मे लागला की दोडामार्ग, सावंतवाडीकडे व्हाळाच्या (ओढ्याच्या) वरच्या अंगाला जेसीबी चढतो. पाणथळ निथळली की पन्नास पोफळी (सुपारीची झाडं) जास्त बसतील, हा हिशेब. पोफळी बसतात. पण पुढच्या एप्रिलात खालच्या जुन्या बागेचा पाट आटतो आणि कोवळी सुपारी गळून बुंध्याशी पडते. मग दुकानदार 'गळ थांबवणारं' टॉनिक गळ्यात मारतो. मुळाशी पाणीच नसेल तर बाटली काय करणार?

शिफारस मार्च ते मे दर ३ ते ५ दिवसांनी झाडाला १७५ लिटर पाण्याची आहे. २.७ × २.७ मीटरवर हेक्टरी १,३७१ झाडं, म्हणजे एका पाळीला जवळपास २ लाख ४० हजार लिटर. पाणथळीतली काळी, कुजल्या पाल्याची माती हे पाणी धरून ठेवते आणि सावकाश सोडते. उताराला मीटरभर खोल चर मारला की पाणी चराच्या तळापर्यंत उतरतं आणि पावसानंतर निघून जातं. मधोमध शेततळं खणलं तरी तेच, आजूबाजूची ओल खड्ड्यात ओढली जाते.

आमचा ठोकताळा: रानजायफळाच्या, गुडघ्यासारख्या वर आलेल्या मुळांभोवती एप्रिलअखेर पाय रुतत असेल तर बाग मे काढते. मुळं कोरडी पडून भेगाळली असतील तर वरच्या अंगाला कुणीतरी चर मारलाय, तो शोधा.

याच ओलीवर मलबार ट्री निम्फ जगतं. हे पांढरं-काळं फुलपाखरू पंख न हलवता कागदाच्या तुकड्यासारखं तरंगतं. सह्याद्रीच्या दक्षिण भागापलीकडे ते जगात कुठे नाही. त्याचे सुरवंट कण्हेरीच्या कुळातल्या, चिकाच्या वेलींवर वाढतात. म्हणून साफसफाईत कोयता बागेपुरताच चालवा, पाणथळीतल्या झाडांवरचे वेल तोडू नका. तिथे तणनाशक तर नकोच. ग्लायफोसेट या तणनाशकाचा वापर केंद्राने २०२२ मध्ये परवानाधारक कीडनियंत्रकांपुरता मर्यादित केलाय, दुकानदार काहीही सांगो. दोडामार्ग तालुक्यातल्या हेवाळे-बांबर्डे इथली रानजायफळाची पाणथळ गावाने देवराई म्हणून राखली आणि २०२१ मध्ये ती जैवविविधता वारसा स्थळ झाली. तिथे जेसीबी गेला नाही, एवढंच.

कोळेरोगासाठी (पावसात सुपारी कुजून गळते तो रोग), पाऊस धरण्याआधी:
– १ टक्का बोर्डो मिश्रण (बुरशीनाशक): मोरचूद (तांब्याचा निळा क्षार) १ किलो ५० लिटरात, कळीचा चुना १ किलो ५० लिटरात. प्लास्टिकचे पिंप.
– मोरचुदाचं पाणी चुन्यात ओता, ढवळत राहा. उलट नको.
– घासलेली सुरी मिनिटभर बुडवा. तांबूस थर आला तर चुना वाढवा.
– मिश्रण त्याच दिवशी संपवा. घोस पूर्ण भिजवा.
– दुसरी फवारणी ४० ते ४५ दिवसांनी, उघडीप बघून.
– गळलेली रोगट फळं गोळा करून नष्ट करा.

मोरचुदातलं तांबं पाण्यातल्या जिवांना घातक आहे. पंप, पिंपं व्हाळात धुऊ नका. पाणथळीला लागून असलेल्या दोन ओळी फवारूच नका, तिथे घोसांना पावसाआधी प्लास्टिकच्या पिशव्या बांधा. मेहनत जास्त आहे, पण कोळेरोग त्यानेही थोपतो.

बागेतला निचरा वेगळा. ओळींमधले चर गाळ काढून मोकळे ठेवा, पोफळीच्या पायात पाणी साचता कामा नये. पण हे चर बागेच्या हद्दीतच संपवा. त्यांचं टोक पाणथळीत घुसलं की बागेचा निचरा करता करता पाणथळही रिकामी होते.

चर आधीच मारला असेल तर पावसाआधी बुजवा. मातीने भरलेल्या गोण्या आणि चिरे वापरून चरात ठिकठिकाणी आडवे बांध घाला, सुरुवात वरच्या टोकापासून. बांधाचा माथा मूळ जमिनीच्या पातळीवरच ठेवा. तो उंच झाला तर पाणी कडेने वाट काढतं आणि नवीन चर कोरतं. मधल्या भागात चरातून निघालेलीच माती परत लोटा. मुरूम नको, त्यातून पाणी निसटतं.