लॅबमधल्या सगळ्याच कॉम्प्युटरवर स्क्रीन रीडर ठेवा

अंध विद्यार्थ्यांसाठी कोपऱ्यातलं एक मशीन राखून ठेवायची पद्धत बऱ्याच लॅबमध्ये असते. ते बंद पडलं की सगळंच अडतं. एनव्हीडीए हा विंडोजवरचा स्क्रीन रीडर (पडद्यावरचं वाचून दाखवणारं सॉफ्टवेअर) मोफत आहे, मग सगळ्याच मशीनवर टाका ना! इन्स्टॉल केल्यावर त्याच्या जनरल सेटिंगमध्ये जाऊन तो साइन-इन स्क्रीनवरही सुरू होईल असं करा (अ‍ॅडमिन खातं लागेल), नाहीतर पासवर्ड टाकायलाच शेजाऱ्याला हाक मारावी लागते. तोवर कंट्रोल, विंडोज आणि एंटर एकत्र दाबा, विंडोज १० आणि ११ मध्ये नॅरेटर हा विंडोजचाच स्क्रीन रीडर बोलू लागेल.

रीस्टार्ट झाल्यावर सगळे बदल पुसणारं सॉफ्टवेअर लॅबमध्ये असेल, तर ते आधी थांबवा. मोठी अक्षरं, स्टिकी कीज (शिफ्ट, कंट्रोल अशा कीज एकत्र न धरता एकामागून एक दाबायची सोय) वगैरे तेव्हाच लावून ठेवा. शिफ्ट ५ वेळा दाबल्यावर येणारी स्टिकी कीजची ती खिडकी कटकट म्हणून बंद करू नका, एका हाताने टाइप करणाऱ्याला तिचाच आधार असतो.

व्हीलचेअरसाठी टेबलाखाली साधारण ७० सेंमी उंच आणि ८० सेंमी रुंद जागा मोकळी हवी. तिथला सीपीयू आधी हलवा.